आंधळी भाजी

तिच्याबरोबर गावातून चालायचं म्हणजे मान खाली घालूनच चालावं लागे. दिवेलागणीच्या आधी घरोघरी चुली पेटलेल्या असत, आणि ही बाई एखाद्या कुंपणाशी मध्येच थांबे, नाक वर करी आणि आत कोण आहे, कोण नाही याची जराही फिकीर न करता ओरडे, "कांदा कच्चा हाय वं तुहा. आणखी परतू दे." आतून "परतते माय" असा आवाज येई. मग ही पुढे. चार घरं गेली की पुन्हा थांबणं, पुन्हा नाक वर. "लसूण जळला. काढून फेक, दुसरा टाक."

सुरुवातीला मला वाटायचं, ही एखाद्या दिवशी मार खाणार आणि तिच्यासोबत मीही. पण तसं कधी झालं नाही. उलट ती एखाद्या घरावरून काही न बोलता गेली, तर आतली बाई पिठाचे हात घेऊन दारात यायची. "माय, आज काही बोलली नाही?"

"बोलाले जागाच नाही ठेवली तू," ही म्हणायची. यापेक्षा मोठं कौतुक तिच्याजवळ नव्हतं, आणि ते ऐकलेली बाई पुढचे आठ दिवस विहिरीवर ते सगळ्यांना सांगत असे.

ती माझी घरमालकीण. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. ग्रामसेविकेचं प्रशिक्षण संपवून मी पुण्याहून निघाले, शेगावला रेल्वेतून उतरले, बसनं संग्रामपूरला आले आणि तिथून बैलगाडीनं सातपुड्याच्या पायथ्याकडच्या या गावात. एकटी मुलगी, सरकारी नोकरी करते, वर सायकल चालवते, म्हटल्यावर मला खोली द्यायला कुणी तयार होईना. हिनं मला ओट्यावर बसवलं, जात विचारली. मी माळी म्हटल्यावर "मंग आपलीच हाय" म्हणाली, आणि त्याच दमात पुढचा प्रश्न, "वरणात गूळ टाकतं काय वं तुमच्यात?"

मी प्रामाणिकपणे हो म्हणाले. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"राह्य," ती म्हणाली. "पण चुलीपाशी येऊ नोको."

घरात ती, तिचा मुलगा आणि सून. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावाला लागून वांगी, मिरच्या, कांद्यांचा मळा होता. मुलगा दिवसभर मळ्यात असे. सून शांत होती. इतकी शांत, की पहिले पंधरा दिवस मला तिचा आवाज माहीत नव्हता. रोजचा स्वयंपाक दोघी मिळून करत, पण सराटा सासूच्या हातात. भाजी हलवायचा हा लांब दांड्याचा लोखंडी सराटा मालकिणीच्या सासूकडून तिच्याकडे आला होता, आणि घासून घासून त्याची एक कड झिजून गेली होती. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला तिला चालत नसे.

जेवायला बसली की ती डोळे मिटायची. पहिला घास तोंडात घालायची आणि डावा हात वर करायची. हात वर असेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, मुलानं खोकायचंसुद्धा नाही. घास संपला की हात खाली यायचा आणि निकाल लागायचा. निकाल दोनच. भाजी जमली असली तर "डोये उघडले." नसली तर "आंधळी हाय."

आंधळी म्हणजे बिघडलेली नव्हे. तिखट-मीठ सगळं बरोबर असलेली भाजीसुद्धा आंधळी असू शकते, हे मला कळायला फार दिवस लागले. एकदा शेगावला तिच्या नात्यातल्या लग्नाला आम्ही गेलो होतो. शहरातला आचारी, रस्सा लालभडक, वर बोटभर तेल. लोक नाक पुसत, डोळे पुसत वा वा करत होते. हिनं एक घास खाल्ला आणि पानावरून उठली. "तोंड जाळलं, अन् पोट उपाशीच ठेवलं," असं म्हणून ती सरळ आचाऱ्याच्या चुलीपाशी गेली. निखाऱ्यात कांदे पुरले, काळे होईपर्यंत भाजले, सोलून पाट्यावर वाटले आणि तो गोळा त्याच्या रश्श्यात टाकला. आचारी आधी भांडला. मग त्यानं चव घेतली आणि भांडण थांबवून पाटा धुवायला घेतला. दुसऱ्या पंगतीला रस्सा पुरला नाही.

पाण्याच्या बाबतीतही तिचं काहीतरी निराळंच होतं. तो सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. विहिरीचं पाणी मचूळ, चहासुद्धा खारट लागायचा, आणि पहिले दोन महिने माझं पोट ठिकाणावर नव्हतं. ही रोज चुलीपाशी बसण्याआधी ओंजळभर पाणी प्यायची, तोंडात घोळवायची, आणि मगच मिठाचा अंदाज घ्यायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, रोज तीच विहीर, तेच पाणी. रोज काय बघायचं त्यात?"

"रोज तेच नसते. उन्हाळ्यात खारं होते, पावसात पातळ होते. आधी पाण्याले इचारावं, मंग मीठ टाकावं."

माझ्या नोकरीत बायकांना आहाराबद्दल सांगणं हे एक काम होतं. प्रशिक्षणात एका वैद्यबुवांनी आम्हाला सहा रस शिकवले होते आणि ते मी चोख पाठ केले होते. शाळेच्या ओट्यावर बायका जमवून मी एका दुपारी भाषण ठोकलं. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. जगातली कोणतीही चव घ्या, या सहांपैकीच एक असते किंवा त्यांची मिसळ असते. बायकांनी माना हलवल्या. सगळ्यांत मागे माझी मालकीण बसली होती.

"मंग तुरीचं वरण याच्यातलं कोणतं?" तिनं विचारलं.

मी गडबडले. म्हटलं, "खारट धरायचं."

"धरायचं," ती म्हणाली, आणि पदर झटकून उठली. हे चांगलं लक्षण नाही एवढं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर ओट्यावर सहा वाट्या मांडलेल्या. गुळाचं पाणी, चिंचेचं, मिठाचं, मिरचीचं, कारल्याचा रस, हिरड्याचं पाणी. तिनं मला एकेक चाखायला लावली. मी शहाण्या मुलीसारखी चाखली आणि एकेकीचं नाव सांगितलं. मग तिनं सहाही वाट्या एका गडव्यात ओतल्या आणि गडवा माझ्यापुढे धरला.

"घे. तुह्ये सहाच्या सहा हायत याच्यात. आता याच्यात वरणही असन, भाजीही असन, सारी दुनिया असन. पी."

मी एक घोट घेतला आणि मोरीकडे पळाले. सून पदराआड हसत होती. तिचा हसण्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

परत आले तेव्हा सातवी वाटी माझ्यासमोर होती. शिजलेल्या तुरीच्या डाळीवरचं नितळ पाणी, त्यात चिमूटभर मीठ. फोडणी नाही, हळद नाही, काही नाही. मी जपूनच प्यायले. आणि तोंड भरून आलं. जिभेच्या कडांना पाणी सुटलं, गिळल्यावरही घशात काहीतरी राहिलं, आणि आणखी एक घोट हवासा वाटला.

"गोड हाय?" तिनं विचारलं.

"नाही."

"तिखट? आंबट? कडू?"

"नाही. मीठ आहे. पण मिठाच्या वाटीत हे नव्हतं."

"मंग काय हाय?"

मी विचार करून म्हटलं, "चव."

"चव त साऱ्याच वाट्याले होती."

याचं उत्तर आजही एका शब्दात माझ्याजवळ नाही. पुण्यात आम्ही अशा पदार्थाला खमंग म्हणून मोकळे होतो, पण खमंग निम्मं नाकाचं असतं, आणि डाळीच्या त्या साध्या पाण्याला वास म्हणावा असा वासही नव्हता. तरी ती चव तोंडात येऊन बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

"यालेच डोये उघडले म्हंतो आपण," ती म्हणाली. "तुरीत असते. खोबरं भाजलं का त्याच्यात येते. निखाऱ्यातल्या कांद्यात येते. भाकरीवर काया डाग पडते ना, तिथी असते. मीठ काही ते घेऊन येत नाही. पण मीठ नाही पडलं त आतलं आतच राहते."

त्या दिवसापासून मला चुलीपाशी यायची परवानगी मिळाली.

आता रोडग्यांचं सांगते. पौषात, थंडी चांगली पडली की गावाबाहेरच्या शेतातल्या मारोतीपुढे सगळ्या गावाची पंगत बसायची. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, तुरीचं वरण, तूप आणि वांग्यांची भाजी. रोडगे पुरुष भाजायचे. भाजी हिची. नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी काही चाखायचं नाही, हा नियम. चाखलं तर ते उष्टं झालं. म्हणून मीठ एकाच माणसानं टाकायचं, आणि भाजी झाली की नाही तेही त्याच माणसानं नाकानं सांगायचं. त्या गावात हे माणूस म्हणजे ही. आधी तिची सासू होती. पाटील नैवेद्याचं ताट घेऊन यायचे आणि विचारायचे, "माय, झालं काय?" ही "झालं" म्हणायची, आणि मगच ताट मारोतीपुढे जायचं. वर्षभर गाव तिला बुढी म्हणो, कटकटी म्हणो, त्या एका दिवशी पाटलांसारखा माणूस तिच्या एका शब्दासाठी ताट धरून उभा असे. ती त्या दिवशी नवं लुगडं नेसायची.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या पाठोपाठ गावात तापाची साथ आली. ही आठ दिवस निजून होती. मग उठली, हिंडूफिरू लागली, आणि सगळं पूर्वीसारखं झालं असं सगळ्यांना वाटलं.

फक्त ती कुंपणांपाशी बोलेना. आम्ही दोघी गावातून चालत जायचो आणि ती एका घरावरून दुसऱ्या घरावर मुकाट्यानं पुढे सरकायची. गावातल्या बायका भारी खूश होत्या. त्या आठवड्यात प्रत्येकीला वाटत होतं की आपला हात आता बसला. एका घरातून चक्क जळक्या भाताचा वास येत होता, आणि तिथली बाई दारात उभी राहून समाधानानं आमच्याकडे बघत होती.

मला शंका आली, पण तिला विचारायचं कसं? मग एका सकाळी ती चुलीपाशी बसून तूर निवडत होती. मी खोलीतून धावत बाहेर आले, कारण घरभर करपल्याचा वास भरला होता. दूध उतू जाऊन चुलीत सांडत होतं, पातेल्याच्या तळाशी लागलं होतं, आणि ही हातभर अंतरावर पाठ करून शांतपणे तूर निवडत होती.

मी पातेलं उतरवलं. तिनं पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तुरीचं सूप तिनं बाजूला सारलं.

"सारं माती लागून राह्यलं," ती म्हणाली. "वास नाही, चव नाही. तापापासून."

"डॉक्टरांना दाखवू. शेगावला जाऊ."

"जाऊ. पण सुनेले सांगू नोको."

"अहो, त्या काही वाईट नाहीत."

"वाईट असती त सांगतलं असतं, भांडली असती तिच्यासंग. चांगली हाय म्हणून सांगू नोको. ती लय मायेनं माह्या हातातला सराटा घेईन. 'बसा माय, आता आराम करा' म्हणन. अन् मंग मी बाजेवर बसून राहीन, मराची वाट पाहत."

शेगावच्या डॉक्टरांनी नाकात औषध घालायला दिलं आणि येईल हळूहळू म्हणाले. ते आलं नाही. पौष मात्र जवळ येत होता.

तिनं ठरवलं की मी तिचं नाक व्हायचं. वरणात गूळ घालणारी मी. तिला तसं म्हणताना मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. महिनाभर तिनं मला चुलीपाशी डोळे मिटून बसवलं. कांदा कच्चा असताना वास कसा टोचतो, मग कसा गोडावतो, खोबरं तांबूस झालं की त्याच्यातून तेलाचा वास कसा सुटतो आणि काळं पडलं की तोच वास कडवट कसा होतो, हे मी तिथे शिकले. आमची खूण ठरली. भाजी अजून व्हायची असली की मी म्हणायचं, "धूर येतोय." झाली की, "धूर गेला." चुलीपाशी बसलेल्या बाईनं धुराबद्दल बोललं तर कुणाला काय वाटणार आहे?

गावातल्या फेऱ्याही पुन्हा सुरू झाल्या. मी हळूच सांगायचे, ती ओरडायची. पहिल्या दिवशी मी चुकले आणि एका घरी कांदा नसलेल्या भाजीतला कांदा कच्चा निघाला. तिथली बाई बाहेर येऊन बघत राहिली. "शेजारची मिरची कर तूच," माय तिला म्हणाली आणि ताठ मानेनं पुढे गेली. त्या वाक्याला काही अर्थ नव्हता, पण ती बाई अर्थ शोधत बसली. खात्रीनं बोललेल्या वाक्यावर लोक शंका घेत नाहीत, हे मी तिच्याकडून शिकले आणि नोकरीत मला ते फार उपयोगी पडलं.

एका गोष्टीवरून मात्र ती माझ्यावर रोज चिडायची. मी घास खाल्ला की ती विचारायची, "कसं लागते, सांग."

"छान."

"छान लुगडं असते. भाजी कशी लागते ते सांग."

"म्हणजे, चांगली झालीय."

"तुले जीभ हाय, पण तिले बोलता येत नाही," ती म्हणायची आणि आपल्या ताटातली माती मुकाट्यानं गिळायची. तिला जेवताना बघणं मला तेव्हा जड जात असे.

रोडग्यांचा दिवस आला. नवं लुगडं नेसून ती निघाली, मी तिच्यामागे. शेतात तीन दगडांची मोठी चूल मांडली होती. एका बाजूला पाण्याची पिंपं होती. तिनं नेहमीप्रमाणे पिंपातलं ओंजळभर पाणी तोंडात घोळवलं, मान हलवली, वांगी तेलात परतली, वाटण टाकलं, पाणी ओतलं आणि मीठ टाकलं. सगळे बघत होते. मी शेजारी लाकडं सारत बसले. पलीकडच्या चुलीवर सून वरण घाटत होती. वरणातलं मीठही सासूच टाकणार, पण ते सगळ्यात शेवटी.

भाजी रटरटू लागली. वाफ आली. मी डोळे मिटले. लसूण होता, खोबरं होतं, भाजलेला कांदा होता, वांगीही होती. पण सगळे वेगवेगळे. एकाच गाडीची वाट बघणारी, ओळख नसलेली माणसं उभी असावीत तसे.

"धूर येतोय," मी म्हटलं.

तिनं सराटा फिरवला. थोड्या वेळानं माझ्याकडे पाहिलं.

"धूर येतोय."

वांगी मऊ झाली होती. रस्सा दाट झाला होता. आता आणखी शिजवलं असतं तर लगदा झाला असता. पाटील ताट घेऊन येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे मुलंबाळं, म्हातारी माणसं, सगळे. "माय, झालं काय?"

तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. माझ्या नाकात अजून तेच होतं. पण मला तरी खात्री कुठे होती? महिन्याभराचं माझं नाक, आणि पुढे सगळं गाव. मी पुन्हा "धूर येतोय" म्हटलं तेव्हा माझा आवाज चिरकला. तिचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

चुलीच्या धगीनं मला तहान लागली होती. मी उठले, पिंपातून लोटाभर पाणी घेतलं आणि तोंडाला लावलं. पाणी गोड होतं.

दीड वर्षं मी मचूळ पाणी पीत होते, त्यामुळे ते मला एका घोटात कळलं. पिंपाजवळच्या पोरांना विचारलं. त्यांनी अभिमानानं सांगितलं, यंदा मारोतीसाठी डोंगराखालच्या नव्या विहिरीचं पाणी पहाटेच गाड्यांवर भरून आणलंय. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. मायला कुणी सांगितलं नव्हतं. मायला सांगायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती ओंजळभर पाणी पिते आणि तिला कळतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि तिनं मीठ टाकलं होतं ते रोजच्या खाऱ्या पाण्याच्या अंदाजानं.

मी लोटा घेऊन तिच्याजवळ गेले. "मावशी, पाणी घ्या," मी म्हटलं. मग वाकून, तिलाच ऐकू जाईल असं म्हटलं, "गोड आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पिंपाकडे बघितलं. मग तिनं लोटा घेतला आणि सावकाश, घोट घोट करत सगळा संपवला. पाटील ताट धरून उभेच होते. तिनं लोटा खाली ठेवला, लुगड्याचा पदर खोचला आणि मोठ्यानं म्हणाली, "थांबा पाटील. गोड्या पाण्याले मीठ दोनदा टाका लागते. एकदा वांग्याच्या पोटात जाले, एकदा रश्श्याले. दुसरं राह्यलं हाय."

असं काही असतं हे गावानं कधी ऐकलं नव्हतं, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनं एक मूठ मीठ टाकलं, सराटा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"धूर येतोय."

अर्धी मूठ आणखी. तिनं झाकण ठेवलं. आम्ही थांबलो. पाटलांनी ताट या हातातून त्या हातात घेतलं. तिनं झाकण काढलं, वाफ माझ्या तोंडावर आली, आणि त्या वाफेत आता लसूण नव्हता, खोबरं नव्हतं, कांदा नव्हता. एकच काहीतरी होतं, आणि माझ्या जिभेच्या कडांना पाणी सुटलं.

"धूर गेला," मी म्हटलं.

तिनं पलीकडच्या वरणातही त्याच अंदाजानं मीठ टाकलं. "झालं," ती म्हणाली.

पुरुषांची पंगत बसली तेव्हा ती बाभळीखाली बसून त्यांच्याकडे बघत होती. मला म्हणाली, "तोंडाकडे पाहू नोको, हाताकडे पाह्य. रोडगा वरणात चुरते, पण हात भाजीकडे परत परत जाते का, ते पाह्य." हात जात होते. मीठ कुणी मागितलं नाही.

बायकांची पंगत शेवटी. ती माझ्या शेजारी बसली. दरवर्षीप्रमाणे सगळी रांग पहिला घास न घेता तिच्याकडे बघत थांबली. तिनं डोळे मिटले, घास तोंडात घातला आणि डावा हात वर केला. मग ओठ न हलवल्यासारखे करत माझ्याकडे झुकली.

"सांग," ती म्हणाली.

मीही घास घेतला होता. सगळं शेत शांत होतं. छान म्हणून चालणार नव्हतं.

"आधी वांगं लागतं," मी तिच्या कानाशी म्हटलं. "मऊ. ते एकटं काहीच बोलत नाही. मग कांदा येतो, तुम्ही निखाऱ्यात पुरलेला, गोडसर आणि जरा जळका. खोबरं दाताखाली येत नाही, पण सगळीकडं आहे. तिखट मागं आहे. मीठ कुठंच सापडत नाही, पण त्याच्याशिवाय यातलं काहीच लागलं नसतं. आता गिळलं मी. गिळलं तरी गेलं नाही, मावशी. जिभेच्या कडांना धरून बसलंय. तुमच्या सातव्या वाटीत होतं ना, तेच आहे."

"तुरीचं," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"तेच. पण याच्या अंगाला गोवरीचा धूर आहे."

ती चावत राहिली. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. घास संपायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तिनं हात वर ठेवला. मग हात खाली आला.

"डोये उघडले," ती सगळ्या रांगेला म्हणाली, आणि बायका जेवू लागल्या. तिनं त्या दिवशी दोन रोडगे खाल्ले. तापानंतर पहिल्यांदाच ती पोटभर जेवली.

पुढे माझी बदली झाली. तिचं नाक परत आलं नाही, पण मला पत्रं यायची ती सुनेच्या हातची, आणि त्यात दरवर्षी लिहिलेलं असायचं की भाजी मायनंच केली. मी गेल्यावर तिचं नाक कोण झालं असेल, हे मला कळत नसे.

ती गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी त्या गावात गेले. तेही पौषातच, रोडग्यांच्या दिवशी. सून आता स्वतः सासू झाली होती. सराटा तिच्या हातात होता आणि त्याची झिजलेली कड आणखी झिजली होती. तिनं वांग्यांवर मीठ टाकलं, थोड्या वेळानं पुन्हा टाकलं. मी विचारलं, "दोनदा का?"

"गोड्या पाण्याले दोनदा टाका लागते. आता साऱ्या गावात असंच करते." मग ती हसली. "तुमी त्या रोजी लोटा घेतला नसता त मीच घेणार होती, बाई. दूध उतू गेलं ना, तवापासून मले ठाऊक होतं. मी दारातच उभी होती."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही कधी?"

"सराटा घ्याले हात गेला होता माहा. मंग मनात आलं, काऊन घ्याचा? तुमी गेल्यावर मीच तिच्या जवळ बसत होती. 'धूर येते माय' म्हणत होती." ती पदरानं कपाळ पुसत म्हणाली. "तिनं कधी इचारलं नाही, तुले कोणं सांगतलं म्हणून."

तिनं भाजी उतरवली, नैवेद्य दाखवून झाला, आणि बायकांच्या पंगतीत तिनं माझं पान वाढलं. समोर बसली. हातातला वाढायचा डाव तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

मी डोळे मिटले, घास तोंडात घातला आणि डावा हात वर केला. आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या.